ढग पेरण्याआधी ढग बघा

दुष्काळाचं वर्ष आलं की मराठवाड्यात कृत्रिम पावसाच्या विमानाची चर्चा सुरू होते. पुढचा पावसाळा बरा गेला की ढगांचं नाव कुणी काढत नाही. माझी सगळी नोकरी पुण्यात लायडर चालवण्यात झाली, म्हणून हे विसरणं मला फार लागतं.

लायडर आकाशात लेसरचे झोत सोडतं आणि परत आलेला प्रकाश मोजतं. परतीला एक मायक्रोसेकंद लागला, तर कण दीडशे मीटरवर आहे. धूळ, काजळी, समुद्राचं मीठ कुठल्या उंचीवर किती दाटलंय, ते आलेखात दिसतं. जानेवारीच्या रात्री पुण्याचा धूर जमिनीलगत बसलेला असायचा. उन्हाळ्यात तो चांगलाच वर चढायचा.

या कणांवरच ढगाचे थेंब धरतात. कण फार झाले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, पाऊस लांबतो. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. म्हणजे विमानाने ढग पेरण्याआधी त्या दिवशीची हवा ठाऊक हवी.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापुरात पेरलेले आणि न पेरलेले ढग रडार व पर्जन्यमापकांनी ताडून पाहिले. पेरलेल्या भागात वाऱ्याच्या दिशेला पाऊस सरासरी 18 टक्के वाढलेला दिसला. हा आकडा मी मोलाचा मानतो, कारण तो मोजमापातून आला. पण कोरड्या आभाळातून तो मिळत नाही. ढग आधी असावा लागतो, आणि योग्य असावा लागतो.

उपग्रह आहेतच, असं कुणी म्हणेल. कॅलिप्सो या उपग्रहावरच्या लायडरने 2006 ते 2023 मोठं काम केलं. पण जमिनीवर त्याचा झोत जेमतेम शंभर मीटरचा, त्याच वाटेवर परत यायला 16 दिवस, आणि दाट ढगाचा तळ वरून दिसतच नाही. पावसाचं रडार सरी दाखवतं, धूलिकण नाही. महाबळेश्वरला 2012 पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिथे ढग दारातूनच आत येतात. पण घाटमाथ्याचा ढग वेगळा आणि बीडचा वेगळा.

म्हणून बीड, लातूर, धाराशिवला बारमाही चालणारे लायडर बसवा, सुकाळातही चालवा, नोंदी कृषी विद्यापीठांना खुल्या करा. पुढच्या वेळी विमानाची घोषणा झाली, की आपल्या आमदाराला जरूर विचारा: गेल्या वर्षी या ढगांकडे कोणतं यंत्र बघत होतं?