दोस्ताच्या हातची पुडी



सास्तूरचे नाव काढले की मोठ्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. भूकंपाने घरे पाडली. लोकांनी ती पुन्हा उभी केली. भूकंपाला कोणी बोलावले नव्हते. आज मी ज्या संकटाविषयी लिहीत आहे, ते मात्र ओळखीच्या माणसाच्या हातून, हसत हसत येते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात पोलिसांनी ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ पकडला. तपासात विकणारेही निघाले आणि नशा करणारेही. नशा ही मुंबई-पुण्याची गोष्ट, असे आपण समजत होतो!

ही भुकटी घेतली की झोप आणि भूक पळते. अंगात बळ आले असे वाटते, पण बळ आलेले नसते; हृदय जोराने धडधडत असते. नशा उतरली की मन खचते, संशय वाढतो आणि पुन्हा पुडी हवी वाटते. तुमच्या उर्दूतील ‘तलब’ला मराठीत ‘तलफ’ म्हणतात. तलफ लागली की मुलगा अभ्यास सोडतो, खोटे बोलतो, घरातले पैसे चोरतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे एमडी कुठे आहे? नसेल. पण गुटखा आहे ना? महाराष्ट्रात २०१२ पासून त्यावर बंदी आहे, तरी तो चोरून विकला जातो. सुपारी आणि गुटखा खाऊन काहींचे तोंड नीट उघडत नाही. भाकरीचा घास घेणेही अवघड होते. ‘एकदा खाऊन बघ, काही होत नाही,’ असे सांगणारा बहुधा मित्रच असतो. त्याला ‘नको’ म्हणा. कारण सांगत बसू नका. कारण सांगितले की तो वाद घालतो.

आणि तोच मित्र व्यसनात अडकला असेल तर? त्याचे गुपित सांभाळणे म्हणजे दोस्ती, हे मला मान्य नाही. घरी कळले तर त्याला मार बसेल, ही तुमची भीती खरी आहे. मारून तलफ जात नाही, हे मोठ्यांनीही समजून घेतले पाहिजे. व्यसन हा आजार आहे आणि त्याला इलाज आहे. एका मित्राचा मुलगा गर्दच्या आहारी गेल्याचे कळल्यावर लेखक अनिल अवचट यांनी त्या विषयावर लेख लिहिले. पुढे १९८६ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी मदत केली. तेथे उपचार घेऊन अनेक जण पुन्हा कामाला लागले आहेत.

म्हणून मित्राच्या बाबतीत ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे, अशा एका मोठ्या माणसाला सांगा : अम्मी, अब्बा, मोठा भाऊ किंवा गुरुजी. कोणीच सापडले नाही, तर १४४४६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा.