तीन ठिपके कुठे गेले?

बार्शीत एसटी स्टँडपासून थोडं आत माझं सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन असा सगळा पसारा. मोबाइलमधल्या ब्राउझरचं रूप बदललं की ती बातमी मला कुठे वाचावी लागत नाही, ती काउंटरसमोर येऊन उभी राहते. ‘मॅडम, फोन बिघडलाय बघा.’ फोन ठणठणीत असतो. रात्री चार्जिंगला लावला होता तेव्हा ॲप आपोआप अपडेट झालेलं असतं, एवढंच.

मध्यंतरी अशीच एक लाट आली. ब्राउझर कोणता ते लिहीत नाही. आज याने केलं, उद्या दुसरा करेल. वरच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके खाली गेले. डाउनलोडची यादी एका टिचकीवर होती, ती मेनूच्या आतल्या मेनूत गेली. उघडी पानं आधी एकाखाली एक दिसायची, आता छोट्या चौकोनांत गट करून येतात, आणि हे गट पाडले कोणी, तर ब्राउझरनेच. पहिलं पान उघडलं की शोधायची पट्टी नंतर, आधी कुठल्या नटीने काय घातलं त्याच्या बातम्या. या सगळ्यावर एक रंगीत पाटी: आता वापरणं आणखी सोपं! तिच्याखाली बटण एकच, ‘समजलं’. ‘नको’ म्हणायची सोय नाही.

दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याची यात थोडा वेळ चिडचिड होते आणि तो पुढे जातो. माझ्या गिऱ्हाइकांचं तसं होत नाही.

आपल्याकडची पुष्कळ संकेतस्थळं अजून कॉम्प्युटर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत. फोनवर उघडली की फॉर्मची उजवी बाजू कापली जाते, ‘सबमिट’ पडद्याबाहेर राहतं. मग मेनूत जाऊन ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करायची. त्याने ब्राउझर समोरच्या साइटला आपण कॉम्प्युटर असल्याचं भासवतो आणि पान पूर्ण मिळतं. दुसरं दुखणं पावतीचं. पैसे भरले की पावती नव्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर तिला पॉप-अप जाहिरात समजून अडवतो. ती सोडवायची वाटही मेनूतूनच जाते. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो हे खरं आहे, पण फोनवरून असली कामं करायची तर या आडवाटा पायाखालच्या लागतात.

त्या मी लोकांना शिकवल्या. वैरागकडच्या एका आप्पांनी माझ्याकडून कागदावर चित्रच काढून घेतलं: फोनचा चौकोन, वर उजवीकडे तीन ठिपके, तिथून बाण, शेजारी ‘खालून तिसरं’ अशी नोंद. कागद घडी करून फोनच्या कव्हरमध्ये. त्या कागदावर त्यांचे उतारे निघाले, पीकविम्याची पावती निघाली, नातीच्या प्रवेशाची यादी बघून झाली. अपडेटनंतर ते फोन आणि कागद दोन्ही घेऊन आले. ‘ताई, तुमचं चित्र चुकलं का काय?’

आप्पांना मराठी उत्तम वाचता येतं. फोन मात्र इंग्रजीत आहे. मराठीत करता येतो, तरी बहुतेकांचे फोन इंग्रजीतच राहतात, कारण अडल्यावर ज्याला विचारायचं तो भाचा किंवा मोबाइलवाला फक्त इंग्रजी मेनू ओळखतो. मराठी मेनू समोर आला की तोच गडबडतो. त्यामुळे ही माणसं शब्द वाचत नाहीत, जागा लक्षात ठेवतात. खालून तिसरं. कोपऱ्यातलं. निळ्याच्या शेजारचं. डिझाइन करणाऱ्याने बटण दोन बोटं सरकवलं की इकडे अख्खी पद्धत मोडते. एसटीचा फलाट बदलला तर निदान कंट्रोलर भोंग्यावरून सांगतो, आणि पुढचे काही दिवस जुन्या फलाटावर कोणी ना कोणी वाट दाखवायला असतं. ॲपमध्ये विचारायचं कुणाला?

‘लोकांना बदल नकोच असतो’ हे ठरलेलं उत्तर. मला ते अजिबात पटत नाही. कॉलेजात असताना माझ्याकडे नोकियाचा बटणांचा फोन होता आणि त्यात ऑपेरा मिनी. तो पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर मागवायचा, आवळून लहान करायचा आणि मग फोनवर धाडायचा, म्हणून टूजीवरही चालायचा. फोनात देवनागरी नव्हतीच. मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. मग कुणीतरी सांगितलं, पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिही, तिथे अवघड लिप्यांसाठी बिटमॅप अक्षरं वापरायचा पर्याय आहे, तो चालू कर. केला की सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा. पान रखडत यायचं, पण मराठी दिसायचं! हे आडबाजूचं सेटिंग आम्ही पोरापोरींनी तोंडातोंडी एकमेकांना शिकवलं. पुढे 29 जून 2020 ला सरकारने 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझर गेला. आमच्या भागात तो घरोघरी होता. लोक कुरकुरले आणि दुसऱ्यावर गेले. शिकायला माणसं तयार असतात, शिकलेलं कुणी न विचारता पुसलं की संतापतात. आणि ज्याला शिकायला जास्त कष्ट पडले, त्याचंच जास्त पुसलं जातं.

हा संताप फक्त खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा आहे, असंही कुणी समजू नये. ऑगस्ट 2020 मध्ये मोझिलाने अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स पायापासून नवा लिहून लोकांच्या फोनवर चढवला, तेव्हा सगळ्यांत जास्त ओरडले ते कॉम्प्युटरमधले जाणकार. पत्त्याची पट्टी खाली आली, ती सेटिंगमधून वर नेता येत होती, त्यामुळे तो वाद किरकोळ. पण जुन्या फायरफॉक्सवर माणसं जीव टाकायची ती एक्स्टेन्शन्ससाठी. जाहिराती अडवा, पानाचा रंग काळा करा, हवं ते जोडा. नव्यात सुरुवातीला मोझिलाने निवडलेली, बोटांवर मोजण्याइतकीच उरली. ‘अबाउट:कॉन्फिग’ हे बारीकसारीक सेटिंगचं पान नेहमीच्या आवृत्तीतून काढून टाकलं. पान पीडीएफ करून ठेवायची सोय गेली. प्ले स्टोअरवर एक तारा देणाऱ्यांची रांग लागली. जुनी आवृत्ती परत घालावी म्हटलं, तर अँड्रॉइड नव्यावर जुनी सहजी बसू देत नाही. आधी ॲप काढावं लागतं, आणि काढलं की फोनवर साठवलेलंही त्याच्याबरोबर जातं.

मोझिलाचीही बाजू होती. जुन्या ॲपची आतली रचना थकली होती; नवं ‘गेकोव्ह्यू’ या मोझिलाच्याच इंजिनावर उभं राहिलं, वेग वाढला, ट्रॅकर आपोआप अडवले जाऊ लागले. हे सगळं मान्य. पण एक्स्टेन्शन्सचं दार पुन्हा सगळ्यांसाठी उघडायला डिसेंबर 2023 उजाडला. तेव्हा एकदम 400 हून अधिक आली. म्हणजे मधली तीन वर्षं लोकांनी अर्धवट माल वापरला, आणि तोही मागितलेला नसताना. जुना फायरफॉक्स वेगळ्या नावाने तोवर चालू ठेवला असता तर काय बिघडलं असतं, याचं पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पट्टी खाली असणं मुळात वाईट नाही. फोन एवढे लांब झालेत की एका हाताने वरचा कोपरा गाठता येत नाही. मी स्वतः पट्टी खालीच ठेवते. पण ठेवते मी. ॲपलने जून 2021 मध्ये आयओएस 15 ची सफारी दाखवली, तेव्हा पट्टी खाली तरंगत होती आणि पान पुन्हा लोड करायचं बटणसुद्धा मेनूत दडवलं होतं. चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी एवढा गिल्ला केला, की सप्टेंबरात ती सगळ्यांच्या हाती पडेपर्यंत पट्टी वर ठेवायचा पर्याय आला होता. गुगलनेही क्रोमची पट्टी खाली न्यायचा प्रयोग काही वर्षं करून 2018 मध्ये सोडून दिला. 2025 मध्ये अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती खाली आली, ती पर्याय म्हणून. पट्टी दाबून धरा, हवी तिथे न्या. कुणाला कुणाची समजूत काढावी लागली नाही.

धंद्याच्या हिशेबाने मी गप्प बसायला हवं, खरं तर. जी माणसं घरी बसून कामं करायला लागली होती, ती असल्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा माझ्या दारात येतात आणि दहा-वीस रुपये ठेवून जातात. सोपेपणाच्या या पाट्यांनी माझ्या केंद्राला जेवढं गिऱ्हाईक दिलं तेवढं दारावरच्या फ्लेक्सने दिलं नाही. पण बाई पोराला कडेवर घेऊन, एसटीचं भाडं भरून फक्त तीन ठिपके शोधायला येते, तेव्हा ते पैसे घेताना बरं वाटत नाही.

आता लोकच म्हणतात, ‘ते अपडेट बंद करून द्या.’ प्ले स्टोअरमध्ये एका ॲपपुरतं ते बंद करता येतं. मी करून देत नाही. त्याच पुडक्यातून सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि याच ब्राउझरमधून ही माणसं बँकेत शिरतात. बटणं हलवणं आणि सुरक्षेतली भोकं बुजवणं एकत्र बांधलेलं आहे, ही माझी खरी तक्रार. तसं बांधायलाच हवं असं नाही. कॉम्प्युटरवर फायरफॉक्सची ‘ईएसआर’ आवृत्ती 2012 पासून मिळते: सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी, रूपातले बदल साधारण वर्षातून एकदा. कंपन्या, शाळा, कार्यालयांची सारखी मोडतोड होऊ नये म्हणून ती काढली. गुगलही विंडोज आणि मॅकवर मोठ्या संस्थांना क्रोमची संथ चालीची आवृत्ती देते. आणि अँड्रॉइडवरचा तो जुना फायरफॉक्स शेवटचं वर्षभर याच ईएसआरच्या शाखेवर तगून होता. रूप तेच, दुरुस्त्या चालू. म्हणजे फोनवर हे जमतं, एकदा जमलेलं आहे.

माझ्या केंद्रातल्या मशीनवर मी ईएसआरच ठेवलाय. फोनसाठी असं काही निघालं तर घेऊन या, बसवून द्यायचे पैसे घेणार नाही.