डीजेला पैसे आहेत, पोरांच्या दातांना नाहीत?

परवा १४ वर्षांखालच्या पोरांची कबड्डी बघायला गेलो. पकडीत एका पोराच्या तोंडावर कोपर बसलं आणि समोरचा दात मुळासकट मॅटवर! आयोजक म्हणतात, "रडतोस काय, मर्द ना तू?"

अहो, तो पक्का दात होता. पुन्हा येत नाही! मुळाला हात न लावता उचलून, दुधात ठेवून अर्ध्या तासात डेंटिस्टकडे नेला असता, तर वाचण्याची आशा होती. इथे तो रुमालात बांधून ठेवला.

बॉक्सिंगमध्ये माउथगार्डशिवाय रिंगमध्ये उतरू देत नाहीत. कबड्डीत काय फुलं उधळतात? म्हणे, "गार्ड घालून कबड्डी-कबड्डी कसं म्हणणार?" दुकानातला सैल गार्ड अडचणीचा होतो, खरंय. पण डेंटिस्टने जबड्याचं माप घेऊन बनवलेला घट्ट बसतो. बोलताही येतं, श्वासही घेता येतो. वाढत्या वयात दात बदलतात, तेव्हा तो नवा करावा लागतो, एवढंच.

डीजे, फ्लेक्स, शाल-श्रीफळाला पैसे निघतात. मग संघातल्या पोरांच्या गार्डला का नाही? वर्गणी मागायला याल, तेव्हा आधी याचं उत्तर घेऊन या!