८४३ चिठ्ठ्या, त्यातल्या ६ बरोबर



देवास गेटच्या एखाद्या मेडिकलवर जाऊन "मुलाला जुलाब होतायत, काहीतरी द्या" एवढंच म्हटलं, तर काउंटरवर पहिल्यांदा काय येईल? ओआरएसचं पाकीट की अँटिबायोटिकची बाटली? उज्जैनच्याच एका डॉक्टरांनी हा प्रश्न नीट मोजून पाहिला आहे, आणि आपल्या गावाबद्दलचा इतका कामाचा अभ्यास आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असतो.

डॉ. आशिष पाठक हे इथल्या आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेजचे बालरोगतज्ज्ञ. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उज्जैनमधली औषध दुकानं आणि मोठी रुग्णालयं इथून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जुलाबाच्या ८४३ चिठ्ठ्या गोळा केल्या. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. मार्गदर्शक सूचना अगदी साधी होती: ओआरएस आणि झिंक, बाकी काही नाही. तंतोतंत तसं लिहिलेल्या चिठ्ठ्या निघाल्या ६. हो, सहाच. आमच्या कामात ८४३ पैकी ६ टेस्ट पास झाल्या असत्या, तर त्या दिवशी कोणी घरी गेलं नसतं!

अँटिबायोटिक मात्र ७१ टक्के चिठ्ठ्यांवर होतं. तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी, जिला अभ्यासकांनी सरळ अतार्किक म्हटलंय. ताप, उलटी, पोटदुखी यांपैकी काही सोबत असलं की अँटिबायोटिक मिळण्याची शक्यता वाढत होती. मला यात एकट्या डॉक्टरांचा दोष दिसत नाही. पाचशे रुपये फी देऊन हातात फक्त पाण्यात घोळायची पूड आली, तर आपल्यातले किती आई-बाबा समाधानाने घरी येतील?

त्या पुडीमागचं विज्ञान मात्र भारी आहे. जुलाबात आतडं नुसतं पाणी नीट शोषत नाही, पण ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आले की दोघं एकाच दारातून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. हे दार आजारातही बहुतेक चालू राहतं. १९७१ मध्ये बोनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी हेच द्रावण पिंपांत कालवून लोकांना पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. झिंकचं काम वेगळं. ते १० ते १४ दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी. इथेच बहुतेक घरं चुकतात, बाटली तिसऱ्या दिवशी फ्रिजमागे जाते.

मुलांचे जुलाब बऱ्याचदा विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तोटा मात्र होतो. पोटातले उपयोगी जंतू मरतात, उरलेले निर्ढावतात. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात उज्जैनच्या एका रुग्णालयाच्या सांडपाण्यात अँटिबायोटिकचे अंश सापडले होते. म्हणजे हा मामला एका घरापुरता राहत नाही.

अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. शौचातून रक्त येत असेल, मूल सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी होत नसेल किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर लेख वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि मोठ्या माणसांत आव-रक्त आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर मेडिकलवरून तीच गोळी चौथ्यांदा आणू नका. तो अल्सरेटिव्ह कोलायटिस असू शकतो. हा काही फक्त गोऱ्यांचा आजार नाही. लुधियानाच्या डॉ. अजित सूद यांच्या गटाने पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी केली तेव्हा २३ रुग्ण सापडले होते. त्याचं निदान दुर्बिणीने आतडं तपासून होतं, काउंटरवर नाही.

घरातल्या औषधांच्या डब्यात ओआरएस ठेवणार असाल तर पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते पाहा. फळांच्या चवीच्या गोड पेयांचे खोके तसेच दिसायचे. एफएसएसएआयने २०२५ मध्ये त्यांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, पण जुना खोका तुमच्या फ्रिजमध्ये अजून असू शकतो. आणि मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घोळायचं, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात नाही.