वाफ मालकाची, दोष कामगाराचा?

जुळे सोलापुरातील घरांत ज्या सोलापुरी टॉवेलने अंग पुसले जाते, त्याच्या रंगणीमागे बॉयलरची वाफ असते. ती वाफ धरणारा कामगार मात्र अपघात घडताच दोषी ठरतो.

फ्लुइडाइज्ड बेड बॉयलर हलक्या, राखट कोळशावरही चालतो. म्हणूनच तो मालकांना प्रिय आहे. त्यातील वाळूचा थर खालून येणाऱ्या हवेने सतत खळबळता राहिला पाहिजे आणि तापमान साधारण 850 ते 900 अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. हवा कमी पडली की थर बसतो, उष्णता कोंडते, राख मऊ होऊन क्लिंकरचे दगड बनतात. क्लिंकर वाढला की भट्टी बंद करून, निववून साफ करणे हाच खरा उपाय. परंतु भट्टी थांबली की उत्पादन थांबते. मग ‘पाळी संपेपर्यंत ओढा’ असा तोंडी हुकूम सुटतो!

उंचाहार वीजकेंद्रातील बॉयलर निराळ्या जातीचा होता. पण 1 नोव्हेंबर 2017 रोजी तेथेही चालत्या भट्टीत राख तुंबली होती. चाळीसहून अधिक माणसे मेली.

म्हणून पुढील मागणीपत्रात दोन कलमे हवीत: भट्टी थांबवण्याचा अंतिम अधिकार बॉयलर अटेंडंटचा, आणि ‘ओढा’ म्हणणाऱ्याने तो हुकूम लॉगबुकात सहीनिशी लिहावा. जबाबदारी हवी, तर अधिकारही द्या!