माहेरचे अर्धे तिकीट

माझे माहेर लातूर आणि सासर नांदेड. नकाशात पाहिले तर दोन्ही गावे करंगळीभर अंतरावर. पण या भागात रूळ टाकणाऱ्यांनी दोघांची पत्रिका काही जुळवली नाही. नांदेडला निजामाच्या राज्यातली हैदराबाद-मनमाड मीटर गेज. लातूरला १९११ साली पोचली ती बार्शी लाइट रेल्वे, अवघ्या अडीच फुटी रुळांची. एकीचे तोंड मनमाडकडे, दुसरीचे कुर्डुवाडीकडे. आमचे वऱ्हाड नांदेडहून आले तेही एस. टी.नेच!

आता दोन्हीकडे रुंद रूळ आहेत. तरी लातूरहून रेल्वेने नांदेडला यायचे म्हणजे परळी, गंगाखेड, परभणी, पूर्णा असा वळसा. जणू वाटेतल्या सगळ्या पाहुण्यांचा समाचार घ्यायचा आहे. रेल्वेला नावे मात्र ठेवणार नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी भरून गाडी लातूरला आली, तेव्हा माझ्या आईने घरातूनच हात जोडले होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा मार्ग त्या जुन्या छोट्या गाडीचाच. २००८ साली लातूर-कुर्डुवाडी रूळ रुंद झाले नसते तर ते पाणी कसले येते!

पण माहेरवाशिणीची गाडी एकच. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर करीत धुरळा उडवीत जाणारी एस. टी. आणि या गाडीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले.

त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अर्धे तिकीट पोरांचे असते गं. तुम्ही काय पुन्हा फ्रॉक घालणार?" त्यांना बोलायला काय जाते! पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. आमच्या घरी अर्ध्या तिकिटाची आठवण निराळी आहे. थोरला तेरा वर्षांचा झाला तरी कंडक्टरपुढे त्याला वाकून बसायला सांगणारे त्याचे वडीलच.

खरी गोष्ट माझ्या धाकट्या जाऊची. तिचे माहेर चाकूर. नांदेडहून सकाळी निघाले तर जेवून-खाऊन दिवेलागणीला परत येता येते. पण लग्नाला बावीस वर्षे झाली तरी तिचे जाणे वर्षातून दोनदा. एक दिवाळीला, एक कोणाच्या तरी लग्नाला. भावजींनी तिला कधी अडवले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. पैसे मागितले की ते फक्त विचारीत, "कशाला?" आता आईला भेटायचे याला 'कशाला'चे काय उत्तर द्यायचे? आई आजारी असती तर सांगता आले असते. ती धडधाकट होती, हीच अडचण! मग जाऊ म्हणायची, "राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू."

अर्धे तिकीट भाजीच्या पैशातून निघते. पहिल्यांदा ती गेली ते कोणाला न विचारता, ओट्यावर पोळ्या झाकून ठेवल्या आणि मला म्हणाली, "ताई, मी चाकूरला जाऊन येते." शेजारी जाऊन येते म्हणावे इतक्या सहज! रात्री आठला परतली ती पिशवीभर चिंचा आणि आईच्या हातचा मसाला घेऊन. आता महिन्या-दीड महिन्याने फेरी असते.

भावजींची तक्रार आहे की गाड्या बायकांनी भरून जातात, पूर्ण पैसे देणारा उभा राहतो आणि महामंडळ तोट्यात जाते. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देते, हे मी त्यांना दोनदा सांगितले. गर्दीचे मात्र त्यांचे खरे आहे. मीही परवा अहमदपूरपर्यंत उभीच होते. पण आजूबाजूला पाहिले तर कोण होते? लातूरला शिकवणीला निघालेल्या पोरी, दवाखान्याची पिशवी घेतलेली म्हातारी, नातवंडाला बघायला निघालेली आजी. या बायका पूर्वी प्रवास करीत नव्हत्या असे नाही. बऱ्याच जणी तो पुढच्या महिन्यावर ढकलीत होत्या.

लातूरला उतरले की मी रिक्षाने गोलाईला जाते. सोळा रस्ते जिथे मिळतात त्या चौकात, जगदंबेच्या देवळापाशी, आईसाठी पेढे घ्यायचे हा नेम. ती दर वेळी विचारते, "किती पडले तिकिटाला?" आकडा ऐकून स्वतःशीच हिशेब करते. तिच्या तरुणपणी अर्धे तिकीट असते तर ती किती वेळा माहेरी गेली असती, याचा असावा. मी विचारीत नाही.

यंदा भाऊबीजेला जाऊच्या भावाने "मीच येतो" म्हणून फोन केला होता. तिने त्याला सांगितले, "तू येऊ नकोस, तुला पूर्ण तिकीट पडेल."