गर्भिणी, रक्तदाब आणि आपले यष्टीमधु

गर्भिणीचा रक्तदाब वाढलेला आढळला की आपल्या व्यवसायात साधारणतः दोन प्रकारचे वर्तन दिसते. एक वैद्य तिला तत्काळ प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवून मोकळा होतो. दुसरा शोथ, शिरःशूल, भ्रम ही लक्षणे पाहून पुनर्नवा-गोक्षुराची योजना करतो. पहिल्याचे वर्तन सुरक्षित आहे, दुसऱ्याचे नेहमीच तसे नसते. परंतु हा दाब कशामुळे वाढला, हा प्रश्न दोघांच्याही मनात क्वचितच येतो. आचार्यांनी ज्याला हेतु म्हटले, त्याचाच शोध घेण्याचा आपल्याला विसर पडावा, हे खेदजनक आहे.

गर्भधारणेच्या विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब आढळला, तर तो बहुधा गर्भावस्थेमुळे उद्भवलेला असतो. तोच दाब तिसऱ्या वा चौथ्या मासात आढळला, तर तो पूर्वीपासूनचा समजावा. पंचविशीतल्या स्त्रीला असा पूर्वीचा उच्च रक्तदाब असावा, याला काही कारण असते. वृक्कविकार हे एक आणि अंतःस्रावी ग्रंथींचा विकार हे दुसरे. वृक्कांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन नावाचा स्राव प्रमाणाबाहेर होऊ लागला की शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते आणि दाब चढतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तो फार दुर्मिळ आहे असे तेव्हापासून पुष्कळ वर्षे मानले जाई. आता उच्च रक्तदाबाच्या दर शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांत तो असावा, असे मानतात.

गर्भावस्थेत या विकाराचे वर्तन मोठे फसवे असते. प्रोजेस्टेरॉन हा गर्भधारणेचा स्राव अल्डोस्टेरॉनच्या कार्याला काही अंशी अडवतो. त्यामुळे काही स्त्रियांचा दाब नऊ महिने बरा राहतो आणि प्रसूतीनंतर एकाएकी उसळतो. काहींचा मात्र गर्भावस्थेतच हाताबाहेर जातो. निदानही सोपे नाही, कारण निरोगी गर्भिणीतही रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही वाढलेलेच असतात. अल्डोस्टेरॉन वाढलेले आणि रेनिन मात्र दबलेले, असे दिसले तरच संशय बळावतो. या तपासण्यांसाठी मूर्तिजापूरहून नमुना बाहेर पाठवावा लागतो. पण पोटॅशियमची तपासणी अकोल्यात सहज होते, आणि संशयाचे पहिले बीज तिथेच सापडते. 'हातापायांतली ताकदच गेली', 'पोटऱ्यांत वांब येतात' असे सांगणाऱ्या गर्भिणीला केवळ पांडु समजून लोहकल्प देण्यापूर्वी तिच्या दंडाला पट्टा बांधावा, एवढीच माझी विनंती आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. अल्डोस्टेरॉन मुळीच न वाढताही हुबेहूब हेच चित्र निर्माण करणारे एक द्रव्य आहे, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या फळीवर बरणीत भरलेले आहे. ते म्हणजे यष्टीमधु, आपले जेष्ठमध.

कॉर्टिसॉल हा स्राव वृक्कात जाऊन अल्डोस्टेरॉनची जागा बळकावू नये, म्हणून तेथील एक विकर त्याला निष्क्रिय करीत असते. यष्टीमधूतील ग्लिसिरायझिन या विकरालाच रोखते, हे एडिंबरोच्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते. गर्भिणीत कॉर्टिसॉल मुळातच वाढलेले असते. शिवाय हेच विकर अपरेतही असते आणि मातेच्या कॉर्टिसॉलपासून गर्भाचे रक्षण करते.

मात्रेचा हिशेब करू. मुळात ग्लिसिरायझिन चार टक्के धरले आणि अम्लपित्तासाठी तीन ग्रॅम चूर्ण दोन वेळा दिले, तर दिवसाला २४० मिलिग्रॅम होतात. युरोपीय आयोगाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये नियमित सेवनाची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम ठेवली आहे, तीही सर्वसाधारण प्रौढांसाठी. फिनलंडमध्ये यष्टीमधूची काळी मिठाई घरोघर खातात. तेथील अभ्यासांत आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लिसिरायझिन घेणाऱ्या गर्भिणींना 'अतिसेवन करणाऱ्या' म्हटले आहे. आपली गर्भिणी ही मर्यादा तिसऱ्याच दिवशी ओलांडते! त्या स्त्रियांच्या अपत्यांना पुढे बुद्धिमापन चाचण्यांत कमी गुण मिळाल्याचे आढळले. हे अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. तरीही २०१६ मध्ये तेथील आरोग्यसंस्थेने गर्भिणींना अतिसेवन टाळण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वनौषधी-ग्रंथानेही उच्च रक्तदाब, पोटॅशियमची न्यूनता आणि गर्भावस्था यांत हे द्रव्य निषिद्ध मानले आहे.

यावर काही वैद्यमित्र रुष्ट होतील, याची मला कल्पना आहे. सुश्रुताचार्यांनी मासानुमासिक योगांत प्रथम मासातच मधुक सांगितले आहे. फलघृतातही ते आहे. मग आचार्य चुकले काय? मुळीच नाही. ते योग गर्भस्रावाच्या भयाच्या अवस्थेत, दुग्धासह, अन्य द्रव्यांच्या संगतीत आणि मासागणिक बदलत जाणारे आहेत. अम्लपित्त, कास, कंठशोष, जे होईल त्यावर सलग तीन-चार महिने केवल चूर्णाची पुडी बांधणे, हा सुश्रुताचा उपदेश नव्हे; ती आपली सवय आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण यांचे अतिसेवन करू नये असे बजावले. उपयुक्त द्रव्यही सातत्याने घेतल्यास संचयाने अपाय करते, हे तत्त्व त्यांनी सांगून ठेवले. त्या पंक्तीत आज चौथे नाव घालण्यास आपण का कचरावे?

सर्पगंधेविषयीही थोडे सांगणे भाग आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून तिची रक्तदाबावरील उपयुक्तता जगापुढे मांडली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु तिच्यातील रेसर्पिन अपरा ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते; नवजात बालकाचे नाक चोंदते, ते सुस्त पडते, स्तन्यपानास असमर्थ होते. गर्भिणीला सर्पगंधाघनवटी देऊ नये. सोनामुखीयुक्त चूर्णांनी रोज रेचन केल्यास पोटॅशियम आणखी खालावते, तेही टाळावे. धडधड, स्वेद व तीव्र शिरःशूल यांचे झटके येत असतील, तर अधिवृक्काचा निराळाच अर्बुद असू शकतो. तेथे केवळ बीटा-अवरोधक दिल्यास जीव धोक्यात येतो. सोमकल्पासारखे दाब चढवणारे औषधही तिथे वर्ज्य. अशा रुग्णेला एक दिवसही आपल्याकडे ठेवू नये.

निश्चित निदान झालेल्या रुग्णेची चिकित्सा तज्ज्ञांनीच करावयाची आहे. पोटॅशियमची पूर्ती, मिथिलडोपा, लॅबेटॅलॉल वा निफेडिपिन ही नेहमीची साधने. स्पायरोनोलॅक्टोन हे या विकाराचे खास औषध पुरुषगर्भाच्या लैंगिक विकासाला बाधा आणू शकते म्हणून टाळतात. एकाच ग्रंथीत अर्बुद असून दाब आवरत नसेल, तर दुसऱ्या त्रैमासिकात शस्त्रकर्मही होते. आपला वाटा पथ्याचा आहे, आणि तो लहान नाही. अल्डोस्टेरॉन वाढलेल्या शरीरात लवण हेच विष होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आपल्या तालुक्याचाही भाग येतो. तेथील बोअरचे पाणी पिणाऱ्या गर्भिणीला 'मीठ कमी खा' एवढेच सांगून भागत नाही. पाणी कुठले पिता, हेही विचारावे लागते. लोणचे, पापड आणि आपल्याच लवणभास्कराचाही त्यात समावेश धरावा.

आपल्या संघटनेने गर्भिणीच्या केसपेपरवर तीन रकाने छापून घ्यावेत, असे मी सुचवितो: प्रत्येक भेटीतील रक्तदाब, पूर्वी चालू असलेली सर्व औषधे आणि यष्टीमधूचा कल्प दिला असल्यास त्याची मात्रा व दिवस. दाब वाढलेला दिसताच यष्टीमधु थांबवावे. त्याचा प्रभाव ओसरण्यास काही आठवडे लागतात, म्हणून त्या काळात दाब व पोटॅशियम पुन्हा तपासावे. रुग्णेला अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठविताना चिठ्ठीत आपले औषध लपवू नये. रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले पाहून तेथील डॉक्टर कोड्यात पडले, तर त्याची उकल त्या चिठ्ठीतच असू शकते. आणि सूतिका माहेरी गेली तरी दीड महिन्याने तिला दाब मोजण्यास बोलवावे. ज्यांचा दाब गर्भावस्थेत दडून राहिला होता, त्या तेव्हाच सापडतात.